पिक्सेलच्या माथ्यावरचा थेंब

अंतरपाट दूर होतो न होतो तोच खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला पुढे सरसावायचा. त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा उंच धरून, पायांत येणारी वायर सोडवत चालणारा पोऱ्या. नवरा-नवरीचे डोळे दिपायचे, भटजी वैतागायचे, पहिल्या रांगेतल्या आत्याबाई पदराने घाम पुसायच्या. ऐंशी-नव्वदच्या दशकांत महाराष्ट्रातल्या ज्या लग्नांच्या कॅसेट निघाल्या, त्यांतल्या बहुतेकींत हा उजेडाचा मारा दिसतो. दोष व्हिडिओवाल्याचा नव्हता. त्याच्या कॅमेऱ्यालाच कमी दिसायचं. आज तशाच मांडवात कुणीही मावसभाऊ खिशातून फोन काढतो आणि जादा दिव्याविना बरा म्हणावा असा व्हिडिओ घेतो. वास्तविक फोनच्या सेन्सरवरचे पिक्सेल तेव्हाच्या पिक्सेलपेक्षा कितीतरी बारीक आहेत आणि बारीक पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमीच येणार.

यामागची कारणं बरीच आहेत. चिपमधला विजेचा गोंगाट घटला, अनेक फ्रेम एकावर एक रचणारे प्रोसेसर आले. पण या सगळ्यांच्या आधीपासून एक गोष्ट मुकाट्याने राबते आहे आणि फोनच्या खोक्यावर तिचा उल्लेख नसतो: पिक्सेलच्या माथ्यावर बसवलेलं पारदर्शक रेझिनचं घुमटाकार भिंग. पिक्सेलमागे एक धरलं तर ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर अशी पाच कोटी भिंगं दाटीवाटीने बसलेली असतात.

त्यांची गरज पडली ती सीसीडी या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या रचनेमुळे. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ साली सीसीडीची कल्पना मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी रुळलेल्या सीसीडीच्या एका प्रकारात प्रकाश टिपणाऱ्या फोटोडायोडच्या प्रत्येक रांगेला लागून साठलेला विद्युतभार वाहून नेणारी एक पट्टी असे. ही पट्टी धातूने झाकावी लागे, नाहीतर वाहत्या भारात ताजा प्रकाश मिसळून चित्रावर उभे ओघळ उमटत. भाजीच्या मळ्यात वाफ्यांपेक्षा पाटांनीच जास्त जागा खावी, तशी या चिपची गत होती. पाटावर पडलेला प्रकाश वायाच जायचा.

१९८३ च्या डिसेंबरात इलेक्ट्रॉनिक उपकरणांवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जपानच्या एनईसी कंपनीतले इशिहारा आणि तानिगाकी यांनी यावरचा उपाय मांडला. चिपच्या पृष्ठभागावरच रेझिनची भिंगं घडवायची आणि पट्टीवर पडू पाहणारा प्रकाश वळवून फोटोडायोडवर आणायचा. आदल्याच वर्षी एनईसीच्याच नोबुकाझु तेरानिशी यांच्या गटाने, ज्यात इशिहाराही होते, मागच्या फ्रेमची सावली पुढच्या फ्रेममध्ये न रेंगाळू देणारा फोटोडायोड सादर केला होता. आजच्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये या दोन्ही कल्पनांचे वंशज शेजारी शेजारी नांदतात. तेरानिशींना २०१७ मध्ये एरिक फॉसम, जॉर्ज स्मिथ आणि मायकेल टॉम्पसेट यांच्याबरोबर इंग्लंडच्या राणीच्या नावाचं अभियांत्रिकीचं पारितोषिक मिळालं. भिंगवाले मात्र प्रसिद्धीच्या बाबतीत मागेच राहिले. सोनीने १९८९ मध्ये 'हायपर हॅड' या नावाने चिपवरच्या भिंगांचे सेन्सर बाजारात आणले आणि नव्वदच्या दशकात घरगुती हँडीकॅमला घरातल्या साध्या दिव्याखालीही दिसू लागलं.

जास्त प्रकाशाने नेमकं काय साधतं? प्रकाश सलग धारेसारखा येत नाही, फोटॉन सुटे सुटे येतात. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन येणार असतील तर दर वेळी त्यात १० च्या आसपास चढउतार होतो. ४०० येणार असतील तर चढउतार २०. म्हणजे प्रकाश चौपट झाला की गोंगाट दुप्पटच होतो आणि चित्र दुपटीने स्वच्छ होतं. अंधारातल्या फोटोत दिसणारी कुरकुरीत रवाळ छटा बरीचशी या फोटॉनच्या टंचाईतून येते. वाया जाणारा प्रकाश फोटोडायोडवर आणला की तेवढी टंचाई मिटते.

इतकं बारीक भिंग घासून घडवणं अशक्यच. ते वितळवून घडवतात. रंगांच्या गाळण्या बसवून झालेल्या सिलिकॉनच्या चकतीवर फोटोरेझिस्ट नावाचं प्रकाशसंवेदी रेझिन ओतून चकती गरगर फिरवतात, म्हणजे एकसारखा पातळ थर पसरतो. नक्षीच्या साच्यातून त्यावर प्रकाश पाडून आणि नको तो भाग रसायनात धुऊन टाकून पिक्सेलगणिक रेझिनचा एकेक चौकोनी ठोकळा शिल्लक ठेवतात. हे रेझिन मुळात पिवळसर असतं. तसंच ठेवलं तर प्रत्येक चित्रातला निळा रंग तेच गिळेल, म्हणून अतिनील प्रकाशात धरून त्याचा पिवळेपणा घालवतात. मग चकती दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात. ठोकळ्याच्या कडा ढिल्या पडतात, पृष्ठताण त्याला आवळतो आणि चौकोनाचा घुमट होतो. कारागिरी सगळी पृष्ठताणाची. त्याच्याकडून भिंग करवून घेण्याची युक्ती तशी जुनी आहे: काचेचा धागा वितळवून त्याच्या टोकाला येणाऱ्या गोळीचं भिंग कसं करावं, हे रॉबर्ट हूकने १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त लिहून ठेवलं आहे.

यात एक गोम आहे. शेजारचे दोन ठोकळे वितळताना एकमेकांना टेकले की मिसळून एकच मोठा, बेढब थेंब होतो. म्हणून मध्ये फट ठेवावी लागते. शिवाय चौरस पिक्सेलवर गोल भिंग बसवलं, तर ते अगदी कडेला टेकलं तरी ७८.५ टक्केच जागा व्यापतं. चार कोपरे मोकळेच. मग बुद्धिबळाच्या पटासारखी विभागणी करायची वाट निघाली. आधी काळ्या घरांवरची भिंगं वितळवून पक्की करायची, नंतर पांढऱ्या घरांवरची. पहिली आता मऊ होत नसल्याने दुसरी त्यांना खेटून बसली तरी मिसळत नाहीत. कॅननने २००८ मध्ये ईओएस ५०डी आणला तेव्हा फटी नसलेली भिंगं हा त्याच्या जाहिरातीतला ठळक मुद्दा होता. या कामाचा पसारा एवढा वाढला, की तैवानच्या टीएसएमसीने ऑम्निव्हिजनच्या भागीदारीत २००३ मध्ये व्हिसएरा ही कंपनी मुख्यतः रंगगाळण्या आणि सूक्ष्मभिंगं बसवण्यासाठीच काढली.

इथपर्यंतची गोष्ट प्रकाश गोळा करण्याची. खरी गंमत मात्र यापुढे आहे.

या इवल्या भिंगाच्या तळाशी समोरच्या दृश्याची प्रतिमा पडत असेल असं कुणालाही वाटेल. तशी ती पडत नाही. तिथे पडते ती कॅमेऱ्याच्या पुढच्या मोठ्या भिंगातल्या छिद्राची, म्हणजे ॲपर्चरची, छोटी प्रतिमा. मोठ्या भिंगाच्या डाव्या अंगाने आलेला किरण फोटोडायोडच्या एका बाजूला पडतो, उजव्या अंगाने आलेला दुसऱ्या. म्हणजे भिंग बसवल्याक्षणी पिक्सेलला प्रकाश 'किती' यासोबत 'कुठून' हेही कळायला लागतं. सूक्ष्मभिंगाचे सगळे फायदे आणि सगळ्या खोड्या या एका गोष्टीतून निघतात.

आधी खोड्या. लायकाच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची भिंगं फिल्मच्या अगदी जवळ बसत. फिल्मला किरण तिरपा आला काय नि सरळ आला काय, फारसा फरक पडत नसे. सेन्सरला पडतो. चित्राच्या कोपऱ्यातल्या पिक्सेलवर तिरपा किरण आला की सूक्ष्मभिंग त्याला फोटोडायोडच्या बाहेर नेऊन टाकतं आणि कोपरे काळवंडतात. २००६ चा लायका एम ८ तयार करताना कोडॅकच्या अभियंत्यांनी यावर तोडगा काढला. मध्यापासून जसजसं दूर जावं तसतसं प्रत्येक सूक्ष्मभिंग आपल्या पिक्सेलच्या डोक्यावरून थोडं थोडं मध्याकडे सरकवलं, म्हणजे तिरपा किरणही नेमका खालच्या फोटोडायोडवर उतरतो. एवढं करूनही एम ८ चा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहानच ठेवावा लागला. फिल्मएवढा पूर्ण सेन्सर लायकाला २००९ च्या एम ९ मध्ये देता आला. आज प्रत्येक फोनमध्ये भिंगांची ही सरकवासरकव असते, कारण फोनच्या पातळ अंगात किरणांना तिरपं आल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी खोडी लपून होती. एफ १.४ किंवा एफ १.२ अशी मोठ्या छिद्राची महागडी भिंगं लोक अंधारासाठी घेतात. छिद्र मोठं तेवढे कडेचे किरण जास्त तिरपे. त्यातले बरेच सूक्ष्मभिंगाच्या पकडीतून निसटतात. २०१० मध्ये फोटोतंत्रावर लिहिणारे मार्क डुबोवॉय यांनी कॅमेरा कंपन्यांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. फ्रान्सच्या डीएक्सओ या प्रयोगशाळेची मोजमापं त्यांच्या हाताशी होती. भिंग पूर्ण उघडलं की सेन्सर अपेक्षेइतका प्रकाश टिपत नाही आणि कॅमेरा ग्राहकाला न सांगता आतल्या आत संवेदनशीलता वाढवून ती तूट झाकतो, असं त्यांतून दिसत होतं. भिंगासाठी जादा मोजलेल्या पैशांतला काही भाग सेन्सरच्या उंबरठ्यावरच सांडत होता. कंपन्यांनी ही गोष्ट आपणहून सांगायला हवी होती.

यात लबाडी थोडी आणि निसर्गनियम फार. प्रकाश कितीही एकवटता येत नाही. तो जेवढा छोट्या जागेत आणावा तेवढा त्याच्या किरणांचा कोन फाकतो. हिशेब सरळ आहे. एफ १.४ च्या भिंगातून येणारा प्रकाश हवेत फार तर आठ पटीने एकवटता येतो. काचेसारख्या माध्यमात, ज्याचा अपवर्तनांक १.५ आहे, सतरा-अठरा पटीने. त्यापुढे जगातलं कोणतंही भिंग जाऊ शकत नाही.

ही मर्यादा सगळ्यात जास्त बोचते ती एकेक फोटॉन मोजणाऱ्या सेन्सरांत. त्यांना 'स्पॅड' म्हणतात. त्यांच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये मोजणी करणारं सर्किट एवढी जागा खातं, की स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेतल्या एदुआर्दो शार्बों यांच्या गटाने केलेल्या 'स्विसस्पॅड' सेन्सरमध्ये प्रत्यक्ष प्रकाश टिपणारी जागा जेमतेम ५ टक्के होती. उरलेले ९५ टक्के वसूल करायचे तर प्रकाश वीस पटीने एकवटायला हवा. एफ १.४ च्या भिंगामागे ते होणारच नाही. छिद्र लहान केलं, किरण समांतर असले, तर सूक्ष्मभिंगं तिथे कमाल करतात. सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशींकडे पाहताना नेमकी तशीच परिस्थिती असते. २०२० च्या आयपॅड प्रो पासून ॲपलने अंतर मोजायला जो लायडार बसवला, त्यातही स्पॅडच आहेत.

२००८ मध्ये सोनीने वेगळीच वाट जाहीर केली: सेन्सर पालथा घालून, तारांचं जंजाळ खाली ठेवून, सिलिकॉनच्या पाठीमागून प्रकाश घ्यायचा. १.७५ मायक्रॉनच्या पिक्सेलमध्ये संवेदनशीलता जवळजवळ दुप्पट झाली. आता पाटच उरले नाहीत तर भिंगांचं काय काम, असं तेव्हा वाटलं असेल. पण पिक्सेल एवढे बारीक झाले होते की शेजारच्या लाल पिक्सेलचा प्रकाश हिरव्यात झिरपत होता. त्याला आपल्याच घरात ठेवण्यासाठी भिंग लागलंच.

'कुठून' या माहितीचा फायदा घ्यायला मात्र उद्योगाला वेळ लागला. २०१३ मध्ये कॅननच्या ईओएस ७०डी मध्ये एका सूक्ष्मभिंगाखाली एकाऐवजी दोन फोटोडायोड बसवले. २ कोटी २ लाख पिक्सेल, म्हणजे फोटोडायोड ४ कोटींवर. डाव्या फोटोडायोडांचं एक चित्र, उजव्यांचं दुसरं. दोन्ही जुळली तर फोकस बरोबर, सरकलेली दिसली तर भिंग किती आणि कुठल्या दिशेला हलवायचं तेही ताबडतोब कळतं. गूगलने २०१७ च्या पिक्सेल २ मध्ये याच जोडचित्रांतून माणूस कुठे संपतो आणि मागची भिंत कुठे सुरू होते, हे ओळखून पोर्ट्रेटमधली पार्श्वभूमी धूसर केली. त्या दोन दृष्टिकोनांतलं अंतर जेमतेम एक मिलिमीटर होतं. पुढे सोनीने एकाच भिंगाखाली चार पिक्सेल घेतले.

या वाटेचा मूळपुरुष मात्र शंभर वर्षं जुना आहे. पॅरिसच्या गाब्रिएल लिपमान यांनी मार्च १९०८ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे एक कल्पना ठेवली: फोटोच्या पत्र्यावर माशीच्या डोळ्यासारखी असंख्य भिंगं दाबून बसवली, तर प्रकाशाची दिशासुद्धा टिपता येईल आणि पाहणारा डोकं हलवेल तसं चित्र बदलेल. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, पण ते रंगीत छायाचित्रणाच्या दुसऱ्याच शोधासाठी. भिंगांचा पत्रा तेव्हा कुणाला धड घडवता येत नव्हता. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या रेन इंग याने तो कॅमेऱ्यात बसवून दाखवला. १.६ कोटी पिक्सेलच्या सेन्सरपुढे २९६ गुणिले २९६ भिंगांची जाळी, प्रत्येक भिंग १२५ मायक्रॉनचं. फोटो काढून झाल्यावर फोकस बदलता येत होता. किंमत जबर होती: हाती आलेलं चित्र साधारण ८८ हजार बिंदूंचं. त्यातून निघालेल्या लायट्रो कंपनीचा कॅमेरा २०१२ मध्ये विक्रीला आला आणि २०१८ मध्ये कंपनी बंद पडली. दिशा हवी तर बारकावा सोडा, असा तो सौदा होता आणि ग्राहकाने बारकावा निवडला. कारखान्यांतल्या मोजणीसाठी असे कॅमेरे बनवणारी जर्मनीच्या कीलमधली रायट्रिक्स मात्र टिकली; तिथे खोली मोजणं हेच काम असतं.

दिशा मोजणाऱ्या या भिंगांनी आभाळातही मोठं काम केलं आहे आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. १९०० च्या सुमारास पोट्सडामच्या मोठ्या दुर्बिणीचं भिंग तपासण्यासाठी योहानेस हार्टमान यांनी त्याच्यापुढे भोकं पाडलेला पडदा धरला होता. प्रत्येक भोकातून गेलेला किरण नेमका कुठे पडतो त्यावरून भिंगाचा दोष कळे. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी हवाई दलाला जमिनीवरून उपग्रहांचे स्वच्छ फोटो हवे होते. भोकांतून येणारा प्रकाश त्यासाठी फारच तोकडा होता. ॲरिझोना विद्यापीठातल्या रोलँड शॅक यांनी भोकांच्या जागी बारीक भिंगं बसवायची कल्पना काढली आणि बेन प्लॅट यांनी प्लास्टिकच्या पातळ तुकड्यावर साचा दाबून ती घडवली. तारा स्थिर असेल तर प्रत्येक भिंगाखालचा ठिपका जागेवर राहतो, हवा हलली की ठिपका हलतो. ठिपक्यांचं हलणं मोजलं की हवेने प्रकाशाची लाट कुठे चुरगाळली ते कळतं आणि लवचिक आरसा उलट दिशेला वाकवून ती सरळ करता येते. डोळ्यांच्या दवाखान्यात दृष्टीचे बारीक दोष मोजणारं यंत्रही याच तत्त्वावर चालतं.

पुण्याच्या आयुका संस्थेने कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकबरोबर 'रोबो-एओ' ही यंत्रणा उभारली, आयुकाचे ए. एन. रामप्रकाश तिच्या प्रमुखांपैकी एक. कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरच्या दीड मीटर दुर्बिणीवर ती २०११ पासून कामाला लागली. आभाळात अतिनील लेसर सोडून तिथे एक कृत्रिम तारा निर्माण करायचा आणि त्याच्या ठिपक्यांवरून सेकंदाला हजारावर वेळा आरसा दुरुस्त करायचा, तोही माणसाच्या देखरेखीविना. हा लेसर डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे वैमानिक दिपण्याची भीती नव्हती आणि विमानांवर नजर ठेवायला माणसं बसवावी लागली नाहीत. केपलर दुर्बिणीने सुचवलेले हजारो ग्रह-उमेदवार या यंत्रणेने तपासले: ज्याला एक तारा समजलं, ते खरोखर दोन तर नाहीत ना? पुणे-नाशिक रस्त्यापासून आत गिरवलीला आयुकाची स्वतःची दोन मीटरची दुर्बीण आहे. अशीच यंत्रणा तिच्यासाठीही आखण्यात आली.

आकाशाचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींना मात्र हीच भिंगं अधूनमधून छळतात. मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी अल्निटाक हा तेजस्वी तारा घोड्याच्या डोक्याच्या प्रसिद्ध तेजोमेघाच्या अगदी शेजारी आहे. काही लोकप्रिय कॅमेऱ्यांत या ताऱ्याभोवती ठिपक्यांची रेखीव जाळी उमटते. सेन्सरवरच्या भिंगांच्या ओळींवरून परतलेला प्रकाश वरच्या काचेवर आपटून पुन्हा खाली येतो, त्याची ही रांगोळी. काही धाडसी लोक सेन्सरवरचा रंगांचा थर खरवडून काढतात, म्हणजे कॅमेरा कृष्णधवल होऊन बारकावा वाढेल. त्याबरोबर भिंगंही निघून जातात आणि मग ध्यानात येतं की मिळालेल्या प्रकाशातला मोठा वाटा पुन्हा गमावला.

आता पिक्सेल इतके बारीक झाले आहेत की या भिंगांना भिंग म्हणवत नाही. २०२२ मध्ये सॅमसंगने २०० मेगापिक्सेलचा सेन्सर आणला, त्याचा पिक्सेल ०.५६ मायक्रॉनचा. लाल प्रकाशाची तरंगलांबी त्याहून जास्त आहे. लाटेपेक्षा लहान घुमट तिला नीट वळवू शकत नाही. पॅनासोनिकच्या संशोधकांनी तर २०१३ मध्येच, रंग गाळून फेकून देण्याऐवजी वेगवेगळ्या पिक्सेलकडे वळवणाऱ्या सूक्ष्म रचना करून दाखवल्या आणि आता इतरही त्याच दिशेने निघाले आहेत.

दिवाळीत नवा फोन घेणाऱ्यांनी यातून एक हिशेब ध्यानात ठेवावा. एफ १.८ चं भिंग कितीही निर्दोष असलं तरी हिरव्या प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर साधारण २.४ मायक्रॉन रुंद पडतो. म्हणजे ०.५६ मायक्रॉनचे चौदा-पंधरा पिक्सेल मिळून एकच बिंदू पाहतात. तेव्हा २०० चा आकडा पाहून भुलू नये. सेन्सरची लांबी-रुंदी विचारावी, ॲपर्चर विचारावं. दुकानाच्या झगमगाटात कोणत्याही फोनचा फोटो चांगलाच येतो. काउंटरखालच्या अंधारात एक काढून पाहावा, त्याचे चारही कोपरे मोठे करून तपासावेत आणि मगच पैसे मोजावेत.